पाती थांबेपर्यंत

डॅडींना पिकअपमध्येच बसवलंय, उताराच्या तळाशी, काच खाली.
मार्चपासून त्यांच्या तोंडी शब्द येतात ते भलत्याच गोष्टींचे:
ट्रॅक्टरला म्हणतात पाव, मला म्हणतात कुंपण.
म्हणून ठरवलंय,
एक हॉर्न म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे.

कटर दोन उन्हाळे इथेच पडून होता,
पत्र्यावर वाळलेल्या वेली, पोटाशी गांधीलमाश्यांचं रिकामं घर.
मी ट्रॅक्टर मागे घेते. हातभर चुकतो. हॉर्न.
पुढे, पुन्हा मागे. हॉर्न.
डाव्या दांड्यात पिन बसली, उजव्यात बसेना.
उजव्याला उंचीची कळ असते, हे मला माहीत आहे.
ती नेमकी कुठे अडते, हे त्यांना.

शाफ्ट म्हणजे नुकतं जन्मलेलं वासरू,
जड, निसरडा, मध्येच लांब होणारा.
खाचांत खाचा जुळेनात. मातीला पाठ टेकली,
कॉलर मागे ओढून धरली, ग्रीस कोपरापर्यंत.
स्प्रिंगफील्डच्या दवाखान्यात मी लोकांचे दात साफ करते,
म्हणते, तोंड मोठं उघडा, दुखलं तर हात वर करा.
इथे मीच तेवढी कण्हते.
खटक.
ओढून पाहिला. पुन्हा एकदा ओढून पाहिला.

वरचा दांडा फिरवत फिरवत
पुढची कड मागच्यापेक्षा दोन बोटं खाली आणली.
'नाहीतर तेच गवत दोनदा कापशील, डिझेल फुकट.'
हे वाक्य त्यांचंच, पण मला सांगितलेलं नव्हे,
भावाला; मी फाटकावर बसून सफरचंद खात होते.
रसेल आता ह्यूस्टनला असतो. फोनवर म्हणतो, विकून टाक.

गिअरबॉक्समध्ये तेल. साखळ्यांच्या झालरीला एक लाथ,
सगळ्या लोंबतायत ना, पाहायला.
दोन हॉर्न.

आधी घरघर, मग खालून चढत येणारा तो आवाज
जो कानांना नाही, सीटला ऐकू येतो.
फेस्क्यू छातीएवढं, त्यात ब्लॅकबेरीचे फास, सुमाकची लाल देठं,
सगळं पुढे वाकतं, आत जातं,
मागून निघते एक हिरवी, ओली, चुरगळलेली वाट.
नाकतोडे माझ्या टोपीवर चढतात.
वर एक ससाणा, त्याला उंदरांचा हिशेब ठाऊक.
तिसऱ्या फेरीला मी चक्क गुणगुणत होते.

तेव्हा तो हॉर्न. एकच, पण लांबलचक.
मला वाटलं, त्यांचं कोपर पडलं असेल.

धाड!
आणि लगेच सगळं हलकं: शाफ्ट फिरतोय, काम काहीच नाही.
गवतात पेअरचं खोड, करड्या दगडासारखं.
आईनं लावलेलं झाड. ती गेली त्या पानगळीत
त्यांनीच तोडलं, एका दुपारी, कुणाला न विचारता.
का, हे तेव्हा सांगितलं नाही.
आता सांगायला गेले तर शब्द येईल चमचा, किंवा पूल.

तुटला तो बोल्ट, मुद्दाम मऊ ठेवलेला,
गिअरबॉक्स वाचावा म्हणून.
सीटखाली तंबाखूचा डबा: सात बोल्ट,
प्रत्येकावर त्याचा त्याचा नट आधीच फिरवलेला.

पीटीओ बंद, इंजिन बंद. उतरणार, तोच
खिडकीतून त्यांचा चांगला हात बाहेर, पंजा उघडा.
पत्र्याखाली पाती अजून फिरत होती, सावकाश,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

आणि डॅडी मोजायला लागले.
एक. दोन. तीन. स्पष्ट, खणखणीत, न अडखळता,
बारा, तेरा, कुठेही पाव नाही, कुंपण नाही,
एकतीस, बत्तीस, जसं लहानपणी मला
पायरीवर बसवून मोजायला लावायचे.

त्रेपन्नाला पाती थांबली.
ते पुढे मोजत राहिले.
मी उतरले नाही.