रकान्याची रुंदी

वरच्या ओळीत नावं. ती गोठवून ठेवलीत,
कितीही खाली गेलं तरी दिसत राहावीत म्हणून:
भरतेश, अक्का, रुजुता, श्रेयांस.
डावीकडे तारखा. त्यांना लागून सूर्यास्त,
कारण अक्कांचं जेवण त्याच्या आत व्हायला हवं,
आणि सांगलीचा सूर्य डिसेंबरात
सहाच्या ठोक्याला वखार बंद करतो.

मी गणपती पेठेत अकरा वर्षं हळदीचा हिशोब लिहिला.
राजापुरी, सेलम, पोती, हमाली, तूट.
तूट असायचीच.
ओली हळद वाळते, वजनाला उतरते,
त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

मग दिवाळीनंतर श्रेयांसला शाळेतून काढलं.
तिसरीत होता. कारण विचारू नका,
विचारून गेलेल्यांचाही एक तक्ता आहे माझ्याकडे.
नोकरी सोडली,
आणि घरात तक्त्यांचं पेव फुटलं.

दूध, गॅस, अक्कांची बीपीची गोळी,
रुजुताचा तबला, भरतेशच्या मिरजेच्या फेऱ्या.
गणित नऊ ते पावणेदहा. शुद्धलेखन दहा ओळी.
राहिलं तर खाना आपोआप लाल.
सूत्रच तसं घातलं होतं मी.
फेब्रुवारीत श्रेयांसचा रकाना
गच्चीवर मिरच्या वाळत घालाव्यात तसा दिसायला लागला.

अक्का चष्मा पुसत पडद्यापाशी आल्या.
"ह्यात पोरगं कुठाय गं?"
मी बोट ठेवून दाखवलं.
त्या बोटाकडेच बघत राहिल्या.

एका बुधवारी त्याला हरिपूरला नेलं, भूगोल म्हणून.
पुरानं सोडलेली दोन-तीन पेवं आहेत अजून.
नेमण्णा हमाल, आता नुसते बसून असतात,
त्याला म्हणाले, पेव उघडलं की उतरायचं नाही लगेच.
आधी कंदील सोडायचा खाली.
विझला तर थांबायचं.
"किती वेळ?"
"तंबाखू मळून होईस्तोवर. कधी कधी दोनदा."
तो वाकून अंधारात बघत राहिला.
मी घरी येऊन भरलं:
भूगोल, पंचेचाळीस मिनिटं, पूर्ण.

पुढच्या आठवड्यात, महिन्याचं आवरताना,
पार उजवीकडे, रिकाम्या जागेच्याही पलीकडे
काडीएवढा बारीक एक रकाना सापडला.
आत नुसत्या जाळ्या. ####
कुठलं तरी सूत्र तुटलं असणार.
पुसायला गेले.

"आई, चूक नाहीये ती.
आकडा आहे आत. मावत नाहीये.
रेघ धरून ओढ."

ओढली.
१४१२.

"काय आहे हे?"
"तू 'लवकर' म्हणालीस ते. दिवाळीपासून.
तुला ताप होता ते दोन दिवस सोडलेत."

सरासरी काढलीस का, मी विचारलं.
दुसरं काय सुचणार होतं,
अकरा वर्षं तेच विचारत आले.

"दिवसाला चौदा.
हरिपूरच्या बुधवारी दोनच."

मी त्याचा रकाना बघितला, तोच लाल,
वाचन अपूर्ण, पाढे अपूर्ण,
आणि भागाकार, तोही अपूर्ण,
जो त्यानं आत्ता माझ्यावरच करून दाखवला होता.

सूर्यास्त सहा छत्तीस. घड्याळात सहा एकवीस.
कुकर लावायचा होता, भाजी चिरायची होती,
विश्रामबागेच्या टाक्यांवरून उजेड खाली सरकत होता.
सवयीनं तोंड उघडलं.
तो पेन्सिल धरून माझ्या ओठांकडे बघत होता,
अगदी तसाच, वाकून, जसा त्या पेवात.

स्वयंपाकघरात अक्कांनीच भाकरी थापायला घेतल्या होत्या.

"चल," एवढंच म्हटलं मी.

तो विचारात पडला.
"हे धरायचं का?"