एकवीस दिवस

खोरगडे दलालाची मिनिटं
आपल्या मिनिटांपेक्षा आखूड असतात.
"बेशाहून बुटीबोरी म्हणजे काय जी म्याडम,
चप्पल घातली का पोहोचल्या."
त्याची वीस
आम्ही सोमवारी स्कूटरवर मोजली तर पस्तीस भरली,
खापरीजवळ एक ट्रेलर आडवा होता तो धरून.

तरी पस्तीसच.
झिंगाबाई टाकळीच्या भाड्याच्या खोल्यांतून
मला दीड तास लागतो.
मानकापूर चौक, सहा वाजून पाच, कंपनीची बस,
नऊ वर्षं.
हेमराजचं वीजकेंद्र कोराडीला. बारा मिनिटं.
मी निघते तेव्हा तो
कूलरच्या वाऱ्यात पालथा झोपलेला असतो.

म्हणून यंदा घर घ्यायचं ठरलं तेव्हा
तोच म्हणाला, "बेसाच पाहू. तुले जवळ पडते.
माझं काय, जाईन मी अठ्ठावीस किलोमीटर."
सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं
जसा तो सैन्यात चालला आहे.

वीजबिलाच्या पाठीवर त्यानं हिशेब मांडला.
जाता-येता रोजची एकशे दहा मिनिटं वाचतात,
वर्षाचे कामाचे दिवस दोनशे ऐंशी,
भागिले साठ, भागिले चोवीस.
एकवीस दिवस!
वर्षाला एकवीस दिवस तुझे, म्हणाला,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग त्या एकवीस दिवसांची वाटणी
माझ्यासमोरच झाली.
पूर्वाचं गणित कच्चं आहे, तिला काही दिवस.
"आता तरी माय, चारचा चहा तुया हातचा भेटन,"
चहाच्या मागे मग नाश्ता आला,
उन्हाळ्यातल्या कुरडया आल्या,
नणंदेच्या मुलाचा क्लास बेशातच निघाला,
तो जेवायला आपल्याकडेच येईल.
मी बोटं मोजत होते.
तेविसावा दिवस वाटला गेला
तेव्हा मी उठून माठातलं पाणी प्याले.

एक गोष्ट त्या बिलावर कुणी लिहिली नाही,
मीही सांगितली नाही.
बसमध्ये उजवीकडची चौथी खिडकी माझी आहे.
जाताना दक्षिणेला, येताना उत्तरेला,
दोन्ही वेळा ऊन पलीकडच्या लोकांवर.
मे महिन्यातसुद्धा.
शेजारी कल्पना रंगारी. ती झिरो माईलच्या आधीच झोपते
आणि थेट गेटवर जागी होते.
रऊफभाई गाणी लावत नाहीत.
चिंचभुवनच्या पुलावर बस चढते
आणि उजव्या हाताला धावपट्टीवर
एखादं विमान नुसतं उभं असतं.
मी त्याच्याकडे बघते.
कुठं जायचं वगैरे मनात नसतं.
मी वाचत नाही, विणत नाही, जप करत नाही.
दीड तास मला कुणी हाक मारत नाही,
आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास.

"गोधनीचा प्लॉट बरा," मी म्हणाले.
सगळे थांबले.
पाणी चांगलं आहे, मी म्हणाले,
चार लाख कमी आहेत, तुम्हाला कोराडी दहा मिनिटांवर,
आणि बसची मला सवय झाली आहे.
चारही कारणं खरी होती.
म्हणूनच कुणी पाचवं विचारलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, पोरगी समजदार आहे.
हेमराज काहीच बोलला नाही.
बिलाची घडी घातली, उलगडली,
दोन रेघांवरून नख फिरवत राहिला.
मला वाटलं, ओशाळला असेल.

रजिस्ट्री झाली. परतताना
मानकापूरच्या सिग्नलला स्कूटर बंद करून
मागे न वळता तो म्हणाला,
"रविवारचं दूध मी आणत जाईन.
कोराडीच्या तलावाकडून."

गोधनीत दूध कोपऱ्यावरच मिळतं.

"थोडं लांबून पडेल," मी म्हणाले.
"हाव," तो म्हणाला,
"थोडं लांबून."

सिग्नलवर अजून सत्तेचाळीस सेकंद होते.
आम्ही दोघंही
आकडे उतरताना पाहत राहिलो.