अर्ध्या पिळावर

मस्कतला जायच्या आदल्या दिवशी धाकट्यानं
फिल्टरचा डबाच कापून टाकला.
मागं दोन चेंबर, उद्यमबागेत वेल्ड मारून घेतलेले.
तेव्हापासून गाडी अर्ध्या पिळावर खोकते.

मल्लेशी काही विचारत नाही.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. मग उजव्याच्या.
"ह्यो जास्ती वढालाय."
स्क्रू ड्रायव्हर जरासा वळतो.
"सोल्प... इन्ना सोल्प..."
श्वास धरून मीच उभा.
"साकु."

मेन जेट दोन नंबर मोठा, सुई एक खाच वर,
आणि पिरनवाडी मागं टाकून जांबोटीच्या रस्त्याला
पुरता पीळ, तिथंच क्लच, तिथंच बंद.
काजूच्या झाडाखाली फडक्यात धरून
तापलेले प्लग बघायचे.
पांढरेफटक. उपाशी आहे अजून.
परत उद्यमबाग.

चौथ्या खेपेला डावा चहाच्या रंगावर आला,
उजवा किंचित काळा.
"ऱ्हाऊ दे की," मल्लेशी हात पुसत म्हणाला,
"कुणाला कळतंय."

रात्री धाकट्याला फोन लावला,
काही न बोलता सायलेन्सरपाशी धरला.
गल्लीतली कुत्री उठली, शेजारचा दिवा लागला.
तिकडं बराच वेळ नुसतं ऐकणं.
मग म्हणाला,
"दादा, उजवा जड वाजालाय रे."