उशिराची खिडकी

केटरिंगच्या या शाळेत मी शिकवत नाही काहीच.
मुख्य दाराशी एक सरकती काच आहे, तिच्यामागे मी,
माझ्यामागे लॅमिनेट केलेला कागद:
हजेरी सत्त्याण्णव टक्क्यांच्या खाली गेली की काय काय बुडतं.
पोरं मला मिसेस के म्हणतात.
कोळवणकरमधला ळ इथे कुणाला झेपत नाही,
आणि मृण्मयी तर मी कुणाला सांगितलंच नाही.

आठ चाळीसला घंटा. त्यानंतर जो येतो तो माझा.
बस चुकलेले, ब्लेझरसाठी परत गेलेले,
रात्रभर आईबापाचं भांडण ऐकत जागलेले
(तेही म्हणतात, बसच चुकली).
नावापुढे मी एल टाकते.
एका अक्षरात सगळं बसतं, हीच त्या अक्षराची अडचण.

रीस ऑलवुड, रोज नऊ बारा.
बाहीवर ओट्सचा वाळलेला डाग, धाकट्या बहिणीचा.
तिला तिच्या शाळेच्या फाटकात सोडून
मग उतारावरून धावत येतो.
कारण विचारलं तर म्हणतो,
'उशीर झाला म्हणून उशीर झाला, मिस.'

त्सित्सीकडे हिरवं कार्ड होतं.
वर्गात श्वास अडायला लागला की ते बाकावर ठेवायचं
आणि न बोलता उठून यायचं माझ्या शेजारच्या खोलीत,
जिथे दोन बीनबॅग, एक लिंबाच्या वासाचं क्रीम
आणि आभाळाचा एक तुकडा हरवलेलं जिगसॉ.
डिसेंबरात दिवसातून चारदा.
फेब्रुवारीत आठवड्यातून एकदा.
मार्चमध्ये तिने कार्ड काचेखालून सरकवलं:
'ठेवाल? टाकू नका पण.'
माझ्या खणात आहे, स्टेपलरखाली.

जुलैत बक्षीस समारंभ.
आदल्या दिवशी हेडमास्तर प्रॉथेरो यादी घेऊन आले, घामाघूम.
गेल्या वर्षी एका पोलिश आजीने
भर सभागृहात उभं राहून त्यांचा उच्चार सुधारला होता.
'तुम्ही रोज सगळ्यांची नावं घेता,' म्हणाले, 'उद्याही घ्या.'
घरी डाळ शिजेपर्यंत
मी एकशे चौदा नावं देवनागरीत उतरवली.
व्हॉइचेख. शिव्हॉन. नीव्ह. ओलुवाडामिलोला.
बाराखडीने कुणाला हाकललं नाही.
कुठे पाय मोडला, कुठे डोक्यावर चंद्र दिला,
जरा सरकून बसा म्हटलं, मावले सगळे.

माइकवर घसा कोरडा पडला, जीभ अडली नाही.
एकेका नावाला अंधारात एकेक खुर्ची करकरायची,
कुणाची तरी आई ताठ बसायची.
शंभर टक्के हजेरीची सायकल
शाळेसमोरच राहणाऱ्या मुलीला मिळाली.
त्सित्सी रसायनशास्त्राचं बक्षीस घ्यायला चढली.
पाच पायऱ्या. दोन्ही हात मोकळे.
टाळ्या रसायनशास्त्राला पडल्या.

रीसचं नाव यादीत नव्हतं.
मी कागद उलटून पाहिला, मागेही नव्हतं.
तो मात्र होता, शेवटच्या भिंतीशी,
एका खांद्यावर झोपलेली बहीण,
मोकळ्या हाताने मांडीवर टाळ्या वाजवत.

सोमवारी नऊ चार.
'आठ मिनिटं,' मी म्हटलं.
'आता बूट ती स्वतः घालते, मिस.
उलटे घालते, पण घालते.'
मग वाकून माझा बिल्ला वाचला. 'के म्हणजे?'
मी सांगितलं. तीनदा त्याने ळ सांडला,
चौथ्यांदा जीभ टाळूपर्यंत गेली, जवळजवळ,
आणि तो पळाला वर्गाकडे.

एल टाकला. टाकावाच लागतो.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: शाब्बास.
संगणकाला लिपी कळली नाही,
सात रिकामे चौकोन दाखवले त्याने.
तसेच सेव्ह केले.