कानस

निखाडे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
फाईल ढकलताना भार द्यायचा,
परत आणताना नाही.
येताना तिनं रिकाम्या सायकल-रिक्षासारखं यावं.
मग तुकडा गुण्याला लावायचा,
खिडकीकडे धरायचा.
फटीतून उजेड दिसला की चुकलं.

एवढंच शिकलो
अन् मार्चात आयटीआयच्या वर्कशॉपला कुलूप लागलं.

पुढचं सगळं मोबाईलवर.
मोबाईल एक.
दहा ते बारा बहिणीची अकरावी,
बारा ते एक माझी ट्रेड थिअरी,
मग बाबा न्यायचे अन् उशाशी ठेवायचे,
मंडपवाल्याचा फोन येईल असं त्यांना रोज वाटायचं.
लग्नं वीस माणसांत होत होती,
वीस माणसांना मंडप लागत नाही.

नारी रोडवर टिनाखाली मे महिना.
सर स्क्रीनवर मधूनच गोठायचे,
फाईल हवेत, तोंड उघडं.
"आवाज येतोय का?"
बेचाळीस जण म्यूट.

हात नुसते बसून राहू नयेत म्हणून
कपड्याच्या साबणाची वडी घेतली,
उंबऱ्याला टेकवली,
बाबांची करवतीची तिकोनी कानस घेऊन
घासत बसलो. भार, मोकळं. भार, मोकळं.
आई म्हणाली, "काहून रे,
लोकं मरून राहिले
अन् तू साबण घासून राहिला?"
मग तिनंच तो चुरा डब्यात भरला, भांड्यांसाठी.

साबण लवकर सपाट होतो.
तो लोखंडासारखा भांडत नाही.

परीक्षेत विचारलं, फाईलचे भाग किती.
गोल काळे केले.
अठ्ठ्याऐंशी टक्के.

वर्कशॉप उघडलं तेव्हा बाकांवर धूळ
अन् आमच्यात नवीनच लाज.
लोमेश आला नाही,
तो धरमपेठेत तिसऱ्या माळ्यावर पार्सल नेतो,
लिफ्ट "फक्त रहिवाशांसाठी".
वेल्डरमधली एकुलती एक प्रणोती तुमसरला दिली म्हणे,
तिचं हेल्मेट रॅकवर,
खडूनं लिहिलेलं नाव अजून अर्धं वाचता येतं.
सर आले.
दहा वेळा फाईल चालवली
अन् स्टुलावर बसले, छातीवर हात ठेवून.
"तुम्ही करा. मी ऐकतो," म्हणाले,
"आवाजावरून कळते."
मी केलं. सर डोळे मिटून होते.
काहीच बोलले नाहीत.

बुटीबोरीला ट्रायल.
हातात खरं लोखंड, थंड, वजनदार.
फाईल सरकली, किंचाळली,
तळहाताला अर्ध्या तासात फोड.
सुपरवायझरनं मार्कलिस्ट पाहिली, मग हात.
"हे तुझेच मार्क्स ना?"
उत्तर होतं माझ्याकडे.
घशापर्यंत आलंही.
पण कुठलं तरी बटण दाबायचं राहून गेल्यासारखं
तिथेच थांबलं.

तरी घेतलं त्यांनी, हेल्पर म्हणून.
डबा मी भिंतीकडे तोंड करून खातो.
कोणी जवळ बसलं की
नकळत ढेंगभर सरकतो. त्याला वाटते, माज.
फोड आता घट्टे झाले,
ते मात्र मला आवडतात.

घरी येऊन हात धुतो
तर बोटं आपोआप वडीची कड तपासतात.
बल्बकडे धरून पाहतो.
फट आहे.
बारीक, केसाएवढी,
अन् तिच्यातून येऊन राहिला उजेड.

बाहेरून आई दार वाजवते,
"किती वेळ रे? संपवशील का साबण?"