रकाना अकरा

भोसरीच्या एमआयडीसीत, पहिल्या मजल्यावर,
मी निर्यातीची कागदपत्रं भरते.
खाली हातोडा पडतो
तेव्हा माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी
जरा जरा सरकते पश्चिमेकडे.
संध्याकाळी मी ती परत जागेवर आणते.

मालाचं वर्णन: पोलादी नळकांडी, पोकळ,
एका बाजूने निमुळती.
असंच लिहायचं असतं.
आपण भांडी विकतो, स्वयंपाक नाही,
असं बोऱ्हाडेसाहेब म्हणतात, हसतात,
मग उगाच खिडकी लावून घेतात.

रकाना आठमध्ये वजन, नऊमध्ये बंदर.
दहामध्ये खरेदीदार:
एक देश, ज्याचं कुणाशीही भांडण नाही,
भिंतीवरच्या नकाशात माझ्या नखाखाली मावणारा.
इतक्या नळकांड्यांचं तो काय करतो
हे विचारायला रकाना नाही.
थेट अकरा येतो.
अंतिम वापरकर्ता.

बाबा खडकीच्या कारखान्यात होते, बत्तीस वर्षं.
कान तिथेच ठेवून आले.
एकाहत्तर सालच्या रात्रपाळ्यांबद्दल अजून बोलतात,
कंदिलाला काळा कागद, डब्यात भाकरी आणि ठेचा.
"तेव्हा माहीत असायचं, कुणासाठी करतोय ते."
जरा थांबून,
"म्हणजे, सांगितलेलं असायचं."

रविवारी नवी पेठेत व्याख्यान होतं.
निवृत्त राजदूत खासगीवाले,
विषय: बदलती जागतिक समीकरणं आणि आपण.
ते म्हणाले, तेल एकाकडून घ्यावं,
तोफा दुसऱ्याकडून,
आणि उपदेश कुणाकडूनच घेऊ नये.
टाळ्या. माझ्याही.
शेवटी फळ्यावर लिहिलेलंच होतं,
प्रश्न प्रश्नासारखे विचारावेत,
तरी स्वेटरवाले एक काका
बासष्ट सालावर सहा मिनिटं बोलले
आणि प्रश्न न विचारताच खाली बसले.
राजदूत म्हणाले, उत्तम प्रश्न.

मागच्या रांगेत अम्मार होता. एडनचा.
कॅम्पातल्या कॉलेजात फार्मसी शिकतो,
मराठी कोंढव्याच्या रिक्षावाल्यांकडून शिकलाय.
त्याने हात वर केला होता,
पण आभारप्रदर्शन सुरू झालं.

डेक्कनकडे चालत निघालो.
भिडे पुलावर त्याने विचारलं,
ताई, ते सर सारखं तटस्थ, तटस्थ म्हणत होते,
तटस्थ म्हणजे?
मी म्हटलं, तट म्हणजे काठ.
काठावर उभा असतो तो तटस्थ.
त्याने खाली पाहिलं.
मुठेत पाणी थोडंच होतं, काळं,
जलपर्णीत अडकलेली एक चप्पल.
"आणि पाण्यात कोण असतो?
त्याला काय म्हणतात मराठीत?"

मी बी.ए. मराठी आहे.
मला आठवेना.
मी त्याला सांगितलं, पावसाळ्यात वरून पाणी सोडलं
की हा पूलच बुडतो,
दोन्ही बाजूंना पोलीस अडथळे लावतात,
मग लांबून जावं लागतं.
तो "अच्छा" म्हणाला.
त्याने मला विचारलं नाही मी काय काम करते.
विचारलं असतं तर
'ऑफिसमध्ये' असं म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं,
प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्यापासून.

सोमवारी रकाना अकरा
नमुन्याप्रमाणे भरला.
दहामधलंच नाव खाली उतरवलं.
मेहरुन्निसा शेजारून म्हणाली, तुझा हात का थांबला?
मी म्हटलं, शाई.
शाई कुठली, आपण टाइप करतो.
ती काही बोलली नाही. तिचाही हप्ता पाच तारखेला कापला जातो.

रात्री बाबांनी ताटावरून विचारलं,
माल कुठे चाललाय सध्या?
मी देशाचं नाव सांगितलं.
"अं?"
पुन्हा सांगितलं, मोठ्याने.
"अच्छा, आपल्यासाठी," बाबा म्हणाले,
आणि आमटी वाढून घेतली.
तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही.