सव्वातेरा

विट्यात, मायणी रोडला, आमचं गलाईचं दुकान.
समोर यंत्रमागांचा खडखडाट,
त्यामुळं गिऱ्हाईक आपली अडचण
जरा मोठ्यानंच सांगतं.

मिरजेचे शांतवन गायकवाड
रुमालातून चमचा काढतात.
"आईचा! दवाखान्यातली एक मडम
मायदेशी जाताना देऊन गेली!
वितळवून टाका!"

मी चमचा पालथा करतो.
चांदी खरं बोलते ते पाठीनं.
दांड्यामागं, दोन तिळांच्या जागेत
सोनाराची दोन अक्षरं
आणि एक आकडा : तेरा, पुढं पाव.

कोचीनला बावीस वर्षं भट्टीपुढं काढली.
बंदरावरून काय काय यायचं मुशीत :
सिंह, नांगर, मुकुट, बिबट्याचं तोंड.
रस सगळ्यांचा सारखाच पांढरा.
मालक जेवायला गेले की मी
छापावर कागद धरून शिसपेन्सिल घासायचो.
ती वही अजून आहे.
वितळल्यावर तेवढंच उरतं.

तिथंच एका म्हाताऱ्या खलाशानं सांगितलेलं,
हा आकडा नॉर्वेचा.
अलीकडच्या डागावर आठशे तीस असतं, शेजारी एस,
पण जुन्या काळी ते चांदी लोडात मोजत,
सोळा लोड म्हणजे निर्भेळ.
म्हटलं, म्हणजे आमचे सोळा आणे.
म्हणाला, असेल. पण चमचा सव्वातेराचाच करायचा.
पावणेतीन तांबं लागतंच,
नाहीतर घट्ट खिरीत मान टाकतो.

तेव्हापासून कुणाला सोळा आणे माणूस म्हणताना
माझी जीभ अडते.

कसोटीवर रेघ ओढली. तेजाबाचा थेंब.
कुठल्या बर्फातला कोण सोनार,
खोटं बोलला नव्हता.
वजन अडतीस ग्रॅम, निव्वळ चांदी एकतीसच्या वर.
भाव सांगितला.
शांतवन म्हणाले, चालेल.

मूस हातात घेतली आणि चमचा सुलटा केला.
टोक झिजलेलं. उजवीकडून.
उजव्या हाताचा माणूस डावी कड खातो,
पातेल्याच्या तळाशी, वर्षानुवर्षं,
त्याला कळतही नाही.
"मडम डावखुरी होती का?"

समोर तेवढ्यात लाईट गेली.
माग थांबले.
एवढी शांतता ह्या रस्त्याला सोसत नाही.

"मडमेचं ठाऊक नाही," ते हळू बोलले,
"आई होती.
शाळेत मास्तर तो हात बाकाला बांधून ठेवायचे.
नर्सिंगला सगळं उजव्या हातानं शिकली, इंजेक्शनसुद्धा.
पेज मात्र ह्या हातानं ढवळायची.
आम्हा चौघांना. मग माझ्या पोरींना."

हा छाप कुठल्या पेढीचा नाही,
कुठल्या सरकारचा नाही.
ठोकायला साठ वर्षं लागलेली
आणि हातोडा नव्हताच.

त्यांनी चमचा उजेडाकडं धरला,
अंगठा त्या कडेवरून फिरवला,
आणि रुमालाची घडी पुन्हा घातली.
"कस लावायचे किती झाले?"
वीस रुपये.
मी घेतले. धंदा आहे.

रात्री वहीत लिहिलं :
देश नॉर्वे. वजन अडतीस.
टंच सव्वातेरा.
शेवटच्या रकान्यात, जिथं मी तारीख घालून
'वितळवला' लिहितो,
तिथं बराच वेळ पेन्सिल टेकवून बसलो.
मग लिहिलं, डावखुरी.
अक्षर वाकडं आलं.
तो एक शब्द मी डाव्या हातानं लिहून पाहिला होता.